एसईओचं काम कोणत्या क्रमाने करायचं, आणि व्यवसाय कुठे चुकतात

एसईओ म्हणजे आपली वेबसाइट गुगलच्या निकालांत वर दिसावी म्हणून केलेलं काम. वेबसाइट तयार झाली की बहुतेक व्यवसायांची पहिली मागणी असते, "आम्हाला पहिल्या नंबरवर आणा." मग ब्लॉगसाठी लेख लिहून घेतले जातात, बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक, विकत घेतल्या जातात, आणि काही महिन्यांनी लक्षात येतं की ज्या पेजवरून चौकशी यायला हवी ते गुगलच्या साठ्यात नोंदवलेलंच नाही.

गुगल प्रत्येक पेजवर तीन कामं ठरावीक क्रमाने करतं. आधी पेज शोधून वाचतं, याला क्रॉलिंग म्हणतात. मग वाचलेलं आपल्या साठ्यात नोंदवायचं की नाही हे ठरवतं, ते इंडेक्सिंग. कोणी काही शोधलं की साठ्यातली पेजेस निवडून त्यांचा क्रम लावतं, ते रँकिंग. एका टप्प्यावरच्या दुखण्याला दुसऱ्या टप्प्यावरचं औषध दिलं जातं, आणि एसईओबद्दलचे बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. खालचे टप्पे म्हणून क्रमानेच घ्या. मागचा पूर्ण झाल्याशिवाय पुढच्यावर पैसे घालू नका.

उदाहरणासाठी सगळीकडे एकच व्यवसाय घेतला आहे: इलेक्ट्रॉनिक वजनकाटे विकणारी आणि दुरुस्त करणारी कंपनी.

## पूर्वतयारी: चाव्या कोणाकडे आहेत?

काम सुरू करण्याआधी या गोष्टींचा ताबा तुमच्या स्वतःच्या खात्यावर घ्या:

- डोमेनची (वेबसाइटच्या पत्त्याची) नोंदणी आणि डीएनएसचं (तो पत्ता कोणत्या सर्व्हरकडे न्यायचा हे ठरवणाऱ्या नोंदींचं) लॉगिन
- वेबसाइटच्या ॲडमिनचं लॉगिन आणि होस्टिंग
- गुगल सर्च कन्सोल (साइट सर्चमध्ये कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं साधन), तेही मालक म्हणून
- गुगल ॲनालिटिक्स (साइटवरच्या भेटी मोजणारं साधन) आणि गुगल बिझनेस प्रोफाइल (नकाशावर दिसणारी व्यवसायाची नोंद)

सर्च कन्सोल फुकट आहे. त्यात प्रॉपर्टी जोडताना डोमेन प्रकार निवडा आणि डीएनएसमध्ये टीएक्सटी नोंद (गुगल देतो ती मजकुराची ओळ) टाकून मालकी सिद्ध करा. मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला आणि नसलेला पत्ता, एचटीटीपी, एचटीटीपीएस, सगळे सबडोमेन एकाच जागी दिसतात. एजन्सीला त्यात वापरकर्ता म्हणून घ्या, मालकी देऊ नका. एजन्सीच्या खात्यावर सगळं उभं केलं आणि पुढे करार संपला, तर डोमेनसाठीसुद्धा हातापाया पडायची वेळ येते.

सर्च कन्सोलमध्ये शोधांचे आकडे जास्तीत जास्त १६ महिने मागचे मिळतात, आणि प्रॉपर्टी उशिरा जोडली तर त्याआधीचे मिळतीलच असं नाही. म्हणून आजच जोडा, आजचे आकडे उतरवून ठेवा.

शेवटी एक साधी शीट करा. प्रत्येक पेजसाठी एक ओळ: पत्ता, पेज कशासाठी आहे, इंडेक्समध्ये आहे का, गेल्या तीन महिन्यांतले क्लिक, आणि केलेले बदल तारखेसह. तारखेचा रकाना टाळू नका. ट्रॅफिक पडलं की पहिला प्रश्न "त्या आठवड्यात काय बदललं?" हाच असतो, आणि तेव्हा कोणालाच आठवत नाही.

## टप्पा १: पेज गुगलला वाचता येतं का?

सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये तुमच्या सर्वात महत्त्वाच्या पाच-दहा पेजेसचे पत्ते एकेक करून टाका. मुख्य पेजवर थांबू नका. मुख्य पेज जवळजवळ नेहमी ठीक असतं, अडचण आतल्या पेजेसवर असते.

पेज इंडेक्समध्ये नसेल तर या क्रमाने बघा.

१. नोइंडेक्स (पेज नोंदवू नका असं सांगणारी कोडमधली सूचना) राहून गेला आहे का? वेबसाइट बनवताना ती सर्चमध्ये येऊ नये म्हणून नोइंडेक्स लावतात आणि ती सुरू करताना काढायला विसरतात. वर्डप्रेसमध्ये हे सेटिंग्ज, मग रीडिंग, तिथल्या एका छोट्या चौकोनावर अवलंबून असतं. सर्च इंजिनांना परावृत्त करण्याच्या त्या पर्यायावर खूण राहिली की अख्खी साइट बाहेर राहते.

२. रोबॉट्स डॉट टीएक्सटी काय सांगते? ही फाइल डोमेनच्या मुळाशी असते. तिच्यात डिसअलाऊपुढे नुसती तिरकी रेघ असेल, तर सगळ्या साइटला वाचनबंदी आहे.

या दोन गोष्टींमध्ये इतका घोळ होतो की थोडं थांबून बघू. रोबॉट्स डॉट टीएक्सटी *वाचू नका* असं सांगते, नोइंडेक्स *नोंदवू नका* असं सांगतो. एखादं पेज सर्चमधून काढायचं म्हणून लोक दोन्ही लावतात. मग गुगल पेज वाचत नाही, त्यामुळे पेजमधला नोइंडेक्स त्याला दिसतच नाही, आणि दुसरीकडून त्या पेजला लिंक असेल तर पत्ता वर्णनाशिवाय सर्चमध्ये तसाच राहू शकतो. पेज काढायचं असेल तर वाचायला मोकळं ठेवा आणि फक्त नोइंडेक्स लावा. रोबॉट्स डॉट टीएक्सटीमध्येच नोइंडेक्स लिहिण्याची जुनी युक्ती गुगल १ सप्टेंबर २०१९ पासून मानत नाही.

३. मजकूर खरंच दिसतो का? त्याच साधनात लाइव्ह टेस्ट चालवा आणि गुगलला मिळालेला कोड उघडून बघा. तुमच्या पेजवरचं एखादं ठळक वाक्य त्यात शोधा. वजनकाट्यांची यादी बटण दाबल्यावरच सर्व्हरकडून येत असेल, तर गुगलला ती मिळणार नाही, कारण तो बटणं दाबत बसत नाही. आधीपासून कोडमध्ये असलेला आणि फक्त टॅबमागे झाकलेला मजकूर मात्र चालतो. मेन्यूमधली प्रत्येक लिंक खरी लिंक हवी. नुसत्या जावास्क्रिप्टच्या क्लिकवर चालणाऱ्या लिंकमागची पेजेस हाती लागत नाहीत.

४. "क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड" दिसतं का? म्हणजे गुगलने पेज वाचलं आणि सध्या ठेवायचं नाही असं ठरवलं. इथे बहुधा तांत्रिक बिघाड नसतो. पेजवर वेगळं काही नाही, किंवा तसंच दुसरं पेज आधीच आहे, असं असू शकतं. उपाय टप्पा ३ आणि ४ मध्ये आहे.

> गैरसमज: साइटमॅप दिला की पेजेस इंडेक्स होतात. साइटमॅप ही पत्त्यांची यादी आहे, ती नोंदणीची हमी देत नाही. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते किंवा ५० एमबी ही मर्यादा आहे. त्यातले प्रायॉरिटी आणि चेंजफ्रिक्वेन्सी गुगल बघत नाही. शेवटच्या बदलाची तारीख बघतो, तीही खरी असेल तर. रोज सगळ्या पेजेसवर आजची तारीख टाकणारं प्लगइन बंद करा.

> गैरसमज: इंडेक्सिंगची विनंती पुन्हा पुन्हा पाठवली की काम लवकर होतं. एकदा पाठवा आणि थांबा. गुगलला जाहिरातीचे पैसे दिल्यानेही हे काम पुढे सरकत नाही, आणि जाहिरात थांबवल्याने नैसर्गिक निकालातलं स्थान घसरत नाही.

तपासणी: महत्त्वाचं प्रत्येक पेज इंडेक्समध्ये आहे, आणि मुख्य पेजपासून लिंकवर लिंक दाबत तिथे पोहोचता येतं. दोन्हींना "हो" आलं तरच पुढे जा.

## टप्पा २: एका पेजचे अनेक पत्ते

एकच वजनकाटा तीन पत्त्यांवर उघडतो: एक साधा, एक रंगाच्या फिल्टरसह, एक जाहिरातीच्या ट्रॅकिंगसह. गुगल त्यातला एक मुख्य मानतो आणि बाकीचे बाजूला ठेवतो. याला दंड म्हणत नाहीत. साइटवर थोडा मजकूर दोनदा आला म्हणून शिक्षा होते ही भीती काढून टाका. नुकसान वेगळं असतं: गुगलने निवडलेला पत्ता तुम्हाला हवा तो नसू शकतो.

मुख्य पत्ता कोणता हे पेजच्या कोडमधल्या कॅनॉनिकल टॅगने सांगा. पण ही शिफारस असते, गुगल ती डावलू शकतो. म्हणून आतल्या लिंक, साइटमॅप आणि कॅनॉनिकल या तिन्हींत पत्ता अक्षरशः एकसारखा ठेवा. जुना पत्ता कायमचा बंद झाला असेल तर ३०१ रिडायरेक्ट लावा, म्हणजे तो आपोआप नवीन पत्त्याकडे वळतो. ३०२ तात्पुरत्या बदलासाठी आहे.

> सावधान: वेबसाइटच्या काही तयार साच्यांमध्ये (थीममध्ये) सगळ्या पेजेसचा कॅनॉनिकल मुख्य पेजकडे जातो. एकाच चुकीत अख्खी साइट एका पेजपुरती उरते. पाच पेजेसचा कोड उघडून खात्री करा.

## टप्पा ३: लोक काय शोधतात?

कीवर्डची (लोक शोधताना वापरतात त्या शब्दांची) यादी साधनातून काढण्याआधी तुमच्या फोनवर, मेलवर आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या गेल्या काही महिन्यांच्या चौकशा काढा. ग्राहकाने वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहा. कंपनी "प्रिसिजन वेइंग सोल्यूशन्स" म्हणते, ग्राहक "१०० किलोचा वजनकाटा" म्हणतो. सर्चमध्ये ग्राहकाचा शब्द चालतो.

मग ती यादी हेतूनुसार वेगळी करा:

- विकत घ्यायचं आहे: "१०० किलोचा वजनकाटा", "प्लॅटफॉर्म वजनकाटा किंमत"
- अडचण सोडवायची आहे: "वजनकाटा शून्यावर येत नाही", "वजन सारखं बदलतं"
- निवडायचं आहे: "दुकानासाठी कोणता वजनकाटा घ्यावा"
- सेवा हवी आहे: "वजनकाटा कॅलिब्रेशन"

आता प्रत्येक गटातला मुख्य शोध स्वतः करून पहिल्या पानावर काय आलं ते वाचा. ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते, आणि नेमकी हीच सगळ्यात जास्त काम वाचवते. "वजनकाटा शून्यावर येत नाही" याच्या निकालात दुरुस्तीच्या पायऱ्या सांगणारी पेजेस असतील, तर तिथे विक्रीचं पेज घुसवून उपयोग नाही. लोकांना पायऱ्या हव्या आहेत. त्या नीट द्या, आणि बिघाड घरी सुटण्यासारखा नसेल तर दुरुस्तीच्या पेजची लिंक द्या.

एका हेतूला एक पेज. "वजनकाटा", "वजन काटा", "वजनाचा काटा" अशी तीन पेजेस काढली तर तुमचीच पेजेस एकमेकांच्या वाटेत येतात. फक्त गावाचं नाव बदलून बाकी मजकूर तोच ठेवलेली शेकडो पेजेस तर गुगलच्या स्पॅमविषयक धोरणात थेट मोडतात.

> गैरसमज: मेटा कीवर्ड्समध्ये (पेजच्या कोडमधल्या शब्दयादीत) शब्द भरले की रँक मिळते. गुगलने २००९ मध्येच जाहीर केलं की वेब सर्चच्या क्रमवारीसाठी तो हा टॅग वापरत नाही. कोणी आजही याचे पैसे लावत असेल तर त्याचं बाकीचं कामही तपासा.

तपासणी: शीटमधल्या प्रत्येक पेजसमोर एकच हेतू लिहिता येतो का? दोन पेजेससमोर तोच हेतू आला तर ती एकत्र करा, आणि कमी कामाचा पत्ता ३०१ ने दुसरीकडे वळवा.

## टप्पा ४: पेज लिहिणं

शीर्षक. निकालातली निळी ओळ बहुधा पेजच्या कोडमधल्या टायटल टॅगवरून येते. अनेक साइटवर ती अशी असते:

*होम | वजनकाटा, बेस्ट वजनकाटा, स्वस्त वजनकाटा, वजनकाटा कंपनी*

ती अशी हवी:

*१०० किलोचा प्लॅटफॉर्म वजनकाटा: मॉडेल, अचूकता, किंमत*

दुसऱ्या ओळीत पेजवर काय मिळेल ते कळतं. टायटलला अक्षरांची अधिकृत मर्यादा नाही, पण स्क्रीनच्या रुंदीनुसार ते कापलं जातं, म्हणून कामाचे शब्द आधी. गुगल कधी कधी टायटल स्वतः बदलून दाखवतो. ते टाळायचं असेल तर टायटल आणि पेजवरचं मोठं शीर्षक एकाच गोष्टीबद्दल बोलतील असं बघा.

वर्णन. मेटा डिस्क्रिप्शनने क्रम ठरत नाही. पण ते निकालाखाली दिसू शकतं आणि क्लिक मिळवू शकतं, म्हणून प्रत्येक पेजला वेगळं लिहा.

मजकूर. ग्राहक फोनवर जे विचारतो ते पेजवर असलं पाहिजे: क्षमता, किती ग्रॅमपर्यंत अचूक, बॅटरी किती चालते, प्लॅटफॉर्मचं माप, वॉरंटीत काय येतं आणि काय येत नाही. हे तक्ते चित्र म्हणून टाकू नका, मजकूर म्हणून लिहा. फोटो तुमच्या मालाचे वापरा आणि ऑल्ट मजकुरात (फोटोसोबत कोडमध्ये द्यायच्या वर्णनात) फोटोत काय आहे ते साध्या शब्दांत सांगा.

किती शब्द हवेत, हा प्रश्नच सोडून द्या. गुगलला हवी अशी कोणतीही शब्दसंख्या नाही. बिघाडाचं उत्तर ३०० शब्दांत पूर्ण होत असेल तर ते फुगवून २,००० करणं म्हणजे वाचणाऱ्याचा वेळ घेणं. एखादा शब्द शेकडा किती वेळा यावा हे गणितही तसंच निरुपयोगी.

एआयने लिहिलेला मजकूर चालतो का? गुगलची भूमिका अशी आहे की मजकूर कसा तयार झाला यापेक्षा तो लोकांच्या कामाचा आहे का हे महत्त्वाचं. पण क्रमवारीसाठी घाऊक प्रमाणात पेजेस काढणं मार्च २०२४ पासून स्पॅम धोरणात स्पष्टपणे येतं, मग ती माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने. एआयच्या मसुद्यात तुमच्या कारागिरांना माहीत असलेली एकही गोष्ट नसेल, तर ते पेज टाकू नका.

एआय ओव्हरव्ह्यूमध्ये (गुगलच्या निकालांत दिसणाऱ्या एआयच्या उत्तरात) येण्यासाठी खास फाइल किंवा खास कोड विकणारेही आता भेटतात. गुगलच्या म्हणण्यानुसार त्यासाठी वेगळी कोणतीही अट नाही: पेज इंडेक्समध्ये असावं आणि उताऱ्यासह दाखवता येण्याजोगं असावं.

आतल्या लिंक. नवीन पेज तयार झालं की विषयाशी संबंधित किमान दोन-तीन जुन्या पेजेसवरून त्याला लिंक द्या. लिंकवर "इथे क्लिक करा" लिहू नका, "वजनकाटा कॅलिब्रेशन" लिहा.

## टप्पा ५: मोबाइल आणि वेग

गुगल तुमच्या साइटचं मोबाइल रूप वाचून तिची नोंद करतो. डेस्कटॉपवर असलेला मजकूर मोबाइलवर काढून टाकला असेल, तर तो गुगलच्या लेखीही नाही.

वेगाची तीन मापं पुरेत: मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसावा, दाबल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत यावा, आणि पेज उघडताना मजकूर उड्या मारत असेल तर ते हलणं मोजणारा आकडा ०.१ च्या आत असावा. किमान ७५ टक्के भेटींमध्ये हे साधलं पाहिजे. पेजस्पीडमध्ये (वेग तपासण्याच्या गुगलच्या साधनात) १०० पैकी १०० गुण मिळवण्यामागे लागू नका. तो प्रयोगशाळेतला अंदाज आहे, त्याच पेजवर वर येणारे खऱ्या वापरकर्त्यांचे आकडे बघा. बहुतेक वेळा मोठे फोटो लहान केले आणि न वापरलेली प्लगइनं काढली की निम्मं काम होतं. वेगामुळे कमकुवत पेज चांगल्या पेजच्या वर जात नाही.

## टप्पा ६: बिझनेस प्रोफाइल

ग्राहक तुमच्याकडे येत असतील किंवा तुम्ही त्यांच्याकडे जात असाल तरच हा टप्पा लागू. स्थानिक निकाल तीन गोष्टींवर ठरतात: शोधाशी जुळणी, अंतर, आणि व्यवसायाची ओळख. अंतर तुमच्या हातात नाही. त्यामुळे संपूर्ण शहरात नकाशावर पहिले येण्याचं वचन कोणी देऊ शकत नाही.

नाव पाटीवर आहे तेच लिहा. नावात सेवा आणि गाव कोंबलं तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. मुख्य वर्ग नेमका निवडा, सुट्टीच्या वेळा भरा. ग्राहक तुमच्या पत्त्यावर येत नसतील तर पत्ता झाका आणि सेवाक्षेत्र भरा. रिव्ह्यू मागा, पण त्याबदल्यात सूट किंवा भेट देऊ नका, ते नियमाविरुद्ध आहे.

## टप्पा ७: बाहेरच्या लिंक

क्रमवारीसाठी लिंक विकत घेणं किंवा विकणं गुगलच्या धोरणात स्पॅम आहे. पैसे देऊन घेतलेली लिंक असेल तर तिला स्पॉन्सर्ड किंवा नोफॉलो अशी खूण हवी. "५०० बॅकलिंक" अशा पॅकेजमधल्या लिंक गुगल बहुधा मोजतच नाही. वाईटात वाईट म्हणजे मॅन्युअल ॲक्शन येते, म्हणजे गुगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई.

डोमेन ऑथॉरिटी हा आकडा खासगी कंपनीच्या साधनाचा अंदाज आहे, गुगल तो वापरत नाही. तो वाढवणं हे ध्येय ठेवू नका. पुरवठादारांच्या अधिकृत विक्रेत्यांच्या यादीत तुमचं नाव आणि लिंक आहे का, व्यापारी संघटनेच्या सभासद यादीतला पत्ता बरोबर आहे का, हे आधी तपासा.

> सावधान: अनोळखी साइटवरून लिंक आल्या म्हणून घाईने डिसअव्हाऊ फाइल (या लिंक मोजू नका असं गुगलला सांगणारी यादी) देऊ नका. मॅन्युअल ॲक्शन आली असेल किंवा तुम्हीच विकत घेतलेल्या लिंकमुळे ती येणार असेल, तरच ते साधन वापरा. चुकून चांगल्या लिंक रद्द झाल्या तर नुकसान तुमचं.

## टप्पा ८: मोजमाप

स्वतःच्या मोबाइलवर शोधून "आपण तिसरे आलो" म्हणणं हे मोजमाप नव्हे. निकाल ठिकाणानुसार आणि उपकरणानुसार बदलतात. सर्च कन्सोलमधलं स्थान ही सरासरी असते. नवीन शोधांमध्ये पेज मागच्या पानांवर दिसू लागलं की सरासरी खाली जाते, आणि तरी क्लिक वाढलेले असतात.

तुमच्या कंपनीच्या नावाचे शोध फिल्टर लावून वेगळे करा. ते तुम्हाला ओळखणाऱ्यांचे आहेत. एसईओचं काम उरलेल्या शोधांत दिसतं. तुलना मागच्या महिन्याशी नको, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, म्हणजे हंगामाचा फरक निघून जातो. आणि शेवटी चौकशा मोजा: फॉर्म, फोन, भेटी.

सुधारणा दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागतं असं गुगलच सांगतो. पहिल्या नंबरची हमी देणाऱ्याशी करार करू नका. गुगलमध्ये ती हमी देण्याचा अधिकार कोणालाच नाही.

## टप्पा ९: साइट नवीन करताना

कमावलेलं सगळं एका दिवसात घालवण्याची जागा हीच. नवीन डिझाइनमध्ये पत्ते बदलतात आणि जुने मोडतात.

1. जुने सगळे पत्ते काढा: सर्च कन्सोल, ॲनालिटिक्स आणि साइटमॅप तिन्हींतून.
2. प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर त्याच विषयाचं नवीन पेज लिहा. ज्याला जुळणारं पेज नाही ते ४०४ (पेज सापडलं नाही) जाऊ द्या. सगळे जुने पत्ते मुख्य पेजकडे वळवले तर गुगल त्यांना सॉफ्ट ४०४, म्हणजे न सापडलेल्या पेजसारखंच, समजतो.
3. ३०१ थेट शेवटच्या पत्त्याकडे लावा, साखळी नको.
4. आतल्या लिंक, कॅनॉनिकल आणि साइटमॅपमध्ये नवीन पत्ते घाला.
5. नोइंडेक्स काढला का ते बघा. टप्पा १ पुन्हा पूर्ण करा.
6. डोमेन बदललं असेल तरच सर्च कन्सोलमधलं चेंज ऑफ ॲड्रेस वापरा. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर जाताना ते लागत नाही.

पहिल्या दिवशी जुन्या पत्त्यांपैकी सर्वाधिक क्लिक मिळवणारे २० हाताने उघडून बघा. पहिला आठवडा सर्च कन्सोलच्या पेजेस अहवालात ४०४ रोज तपासा. काही आठवडे चढउतार होणारच, त्या काळात टायटल आणि मजकूर बदलत सुटू नका, नाहीतर घसरण कशामुळे झाली हे कळणार नाही. रिडायरेक्ट किमान एक वर्ष राहू द्या, जमलं तर कायम. आणि डोमेन बदललं असेल तर जुन्या डोमेनचं नूतनीकरण चालू ठेवा. ते संपलं की त्यावरची सगळी रिडायरेक्ट त्याच दिवशी बंद पडतात.